आजीची दहा वर्षं

भिवाखेडी, जि. वर्धा
२२ जून २०२५

आदरणीय मोठे बाबा,

लांबूनच पाया पडतो. मी प्रफुल, तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा. तुम्ही घर सोडलंत तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, त्यामुळे हे अक्षर तुम्हाला ओळखीचं वाटणार नाही. तुमचा पत्ता नलू आत्याने दिला. ती दरवर्षी नाचणगावहून तुम्हाला बऱ्हाणपूरला राखी पाठवते. तुमचं उत्तर येत नाही, पण राखी परतही येत नाही, म्हणून पत्ता चालू आहे असं ती धरून चालते. मीही तेच धरून लिहितो आहे.

आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. घरी कोणी आजारी नाही. वाटणीचा विषय नाही. मला फक्त तुमचा शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे.

हे वाचून या पोराचं डोकं फिरलं असं वाटेल, म्हणून क्रमाने सांगतो.

आजीला श्रावणबाळची पेन्शन मिळत होती. ती मार्चपासून बंद झाली. आजी दर महिन्याला बँकेच्या खिडकीवर जायची आणि खिडकीतला मुलगा “नाई आली” म्हणायचा. तिला वाटलं आपल्याच हातून काही चुकलं असेल, म्हणून तिने घरात कोणाला सांगितलं नाही. मला या महिन्यात कळलं. मी दुकानातून सुट्टी घेऊन तिला कचेरीत नेलं. तिथे नीलेशबाबू म्हणून कारकून आहेत. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाले, “आजी, तुमचं वय बसत नाई. पासष्ट पाह्यजे. तुम्ही तं त्रेसष्टच्याच आहा.”

“मी? त्रेसष्ट?” आजीला क्षणभर बरंच वाटलं असावं. मग म्हणाली, “बाबू, माह्या मोठ्या लेकालेच पंचावन झाले.”

“दीड वर्षानं या. तवा बसते तुमचं.”

“मंग दीड वर्ष जगाचा कागद दे. सही-शिक्का मारून.”

नीलेशबाबू हसले, रांगेतली माणसंही हसली. पण काम झालं नाही.

आता तुम्हाला राग येईल अशी गोष्ट. ती टाळून पुढे जाता आलं असतं तर टाळली असती. आबाजींनी गिरणीत वय दहा वर्षांनी कमी लावलं होतं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? ते वेळेवर निवृत्त झाले असते तर त्यांच्या जागी तुम्ही कायम झाला असता. कमी लावलेल्या वयामुळे ते कामावरच राहिले, आणि ते निवृत्त व्हायच्या आधी गिरणीच बंद पडली. घरात हे कोणी मोठ्याने बोलत नाही. मी नलू आत्याकडून ऐकलं. तर गावात आधारचं शिबिर आलं तेव्हा आबाजींनी तेच गिरणीतलं वय सांगितलं. त्यांच्या मागे आजीचा नंबर होता. पुढचं तिच्याच शब्दांत लिहितो :

“त्या पोट्ट्यानं तुह्या आबाजीचे अठ्ठावन मांडले. मी साठीची. आता नवऱ्यापेक्षा मोठी कशी सांगू? लोकं हासतीन. आमच्यात आठ वर्षांचं अंतर पह्यलेपासून. मी तेवढंच ठेवलं. पन्नास सांगितले.”

म्हणजे आबाजींनी नोकरीसाठी दहा वर्षं कमी केली आणि आजीने आबाजींचा मान राखायला तेवढीच कमी केली. पेन्शन मंजूर झाली तेव्हा सरकारी डॉक्टरांनी तिला तपासून वय लिहिलं होतं, त्यामुळे अडलं नाही. आता पैसे आधारच्या वयावर जातात.

आजी शाळेत गेलेली नाही, तिच्या जन्माची कुठे नोंद नाही. अशा वेळी मुलांच्या वयावरून आईचं वय धरता येतं असं नीलेशबाबू म्हणाले. मी बाबांचा दाखला नेला. बाबा एक्क्याऐंशी सालचे. कागदावर तेव्हा आजी एकोणीस वर्षांची होते. बसतं. नलू आत्या अठ्ठ्याहत्तरची, तेव्हा आजी सोळा. त्या काळी होत असे, म्हणाले. तेही बसतं. तुम्ही मात्र सत्तरचे. तुम्ही जन्मलात तेव्हा आजी कागदावर आठ वर्षांची होती. हे कोणत्याही साहेबाला बसवता येणार नाही. आपल्या घरात उपयोगी पडेल असं वय फक्त तुमचं आहे.

बाबांना हे पत्र माहीत नाही. आजीलाही नाही. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

तुमचा,
प्रफुल

ता. क. मी नववीपर्यंत शिकलो. पुलगावात भांड्यांच्या दुकानात भांड्यांवर नावं कोरतो. पत्रात एखादं अक्षर चुकलेलं दिसलं तर जरूर कळवा.


भिवाखेडी
१६ जुलै २०२५

आदरणीय मोठे बाबा,

पाकीट मिळालं. आत दाखल्याची झेरॉक्स होती आणि दुसरं काही नव्हतं. चिठ्ठी चिकटून राहिली असेल म्हणून मी पाकीट उलटं करून, कडा उसवून पाहिलं. राग नाही, फक्त खात्री करून घेतली.

गोष्ट अशी झाली की पोस्टमन आला तेव्हा मी दुकानात होतो. त्याने पाकीट आजीच्या हातात दिलं आणि वर सांगितलंही, “बऱ्हाणपूरचं हाय, बुढे.” मी संध्याकाळी घरी आलो तर आजी ओसरीवर पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. तिने ते फोडलं नव्हतं.

“बंडूचा कागद काऊन आला?”

मी खरं सांगितलं. ती फार चिडली.

“माह्या पेन्शनीसाठी माह्या लेकाले कामाले लावलं तू? अठरा वर्षांत कोणी त्याले ये म्हटलं नाई, आन् आता कागद धाड म्हणते? तो येईन तं माह्यासाठी येईन. कचेरीसाठी नाई.”

मी म्हटलं, त्यांना बोलावलं नाही, फक्त कागद मागवला. ती म्हणाली, “मंग बोलवाचंही नाई. बस झालं.” आणि मग मला तो दाखला मोठ्याने वाचायला लावला. नाव, जात, जन्मगाव, सगळं. ‘वर्तणूक : चांगली’ ही ओळ तिने पुन्हा वाचून घेतली. “मास्तरले काय मालूम,” म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. झेरॉक्सवर तुम्ही सही केली आहे, ती सरळ रेषेत आहे, त्यावरून तुमची तब्येत बरी असावी असं तिचं मत आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. नीलेशबाबूंनी दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला. “यात आईचं नाव कुठं हाय?”

तुमच्या दाखल्यावर आबाजींचं अण्णाजी हे नाव आहे, पण जुन्या दाखल्यांवर आईचं नाव नसतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी इतक्या वेळा वाचूनही.

ते म्हणाले, “बंडूजी अण्णाजीचे, हे दिसते. पण अण्णाजीची पह्यली बायको राहू शकते ना? बंडूजी तिचे, आन् या आजी दुसऱ्या. मंग यांचं वय त्रेसष्टही राहू शकते.”

मला वाटलं आजीला ऐकू गेलं नसेल. पण तिला नको ते नेहमी ऐकू जातं.

“काय म्हणते हा? माह्या घरात सवत घुसवून राह्यला?”

“मी नाई म्हणत, आजी. सायब म्हणतीन.”

“मंग त्या सवतीलेच दे पेन्शन! बोलाव तिले. चेहरा तं पाहू दे.”

रांगेतल्या बाया इतक्या हसल्या की आतून साहेबांचा शिपाई बघायला आला. आजीही हसली. पण परत येताना बसमध्ये हळूच म्हणाली, “नाई म्हणा, तुह्या आबाजीचा भरोसा नाई. ज्यानं दहा वर्षं लपवले, त्याले एक बायको लपवाले काय लागते?” मी तिला समजावलं की असं काही नव्हतं. ती म्हणाली, “तू तवा होता का?”

नीलेशबाबू माणूस वाईट नाहीत. त्यांनीच अर्ज लिहून घेतला. आता साहेबांसमोर सुनावणी होईल. मोठ्या मुलाने मूळ दाखला घेऊन आईबरोबर समक्ष उभं राहायचं, म्हणजे प्रश्न मिटेल, असं ते म्हणाले.

मी तुम्हाला बोलावत नाही. आजीने मनाई केली आहे. फक्त काय झालं ते कळवतो.

तुमचा,
प्रफुल


भिवाखेडी
११ ऑगस्ट २०२५

आदरणीय मोठे बाबा,

घरी कोणी आजारी नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं. तेव्हा मला पूर्ण माहीतही नव्हतं.

आजीला रक्तदाबाची गोळी आहे, रोज सकाळी एक. पेन्शन बंद झाल्यापासून ती त्या गोळीचे अडकित्त्याने दोन तुकडे करून अर्धीच घेत होती. आम्हाला कसं कळलं, तर नलू आत्या राखीला आली होती. तिने बाबांना सुपारी द्यायला अडकित्ता घेतला. पात्यावर पांढरी पूड होती. तिने बोट लावून जिभेवर घेतली आणि तोंड वाकडं केलं. आजी म्हणाली, “चुना असन.”

त्याच्या आधी दोन दिवस ती नळावर चक्कर येऊन पडली होती. कपाळावर टेंगूळ आलं. घरी सांगितलं की नळाची तोटी मधे आली. आता डॉक्टरांना दाखवलं आहे. ते रागावले. तुकडे करायचे नाहीत म्हणाले. गोळ्या मी आणून देतो, पण पाकीट हातात घेतलं की ती म्हणते, “नातवाच्या पैशाची गोळी लागू पडत नाई, बाप्पा.” आणि पूर्ण गिळली का हे पाहायला मला रोज सकाळी तिच्यासमोर उभं राहावं लागतं. एकदा तिने जिभेखाली ठेवली होती.

भजनातही ती जात नाही. तिथे बाया आळीपाळीने चहाचा खर्च करतात. तिची पाळी आली की काय करायचं, म्हणून पाय दुखतात असं सांगते. पाय दुखत नाहीत. सकाळी ती माझ्याआधी उठून अंगण झाडते.

सुनावणीची तारीख आली आहे. शुक्रवार, १२ सप्टेंबर, सकाळी अकरा. आता मात्र मी बोलावतो आहे. आजी नाही, मी. तिला अजून सांगितलेलं नाही.

घरी येण्याची गरज नाही. या घराची पायरी पुन्हा चढणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात, ते मला माहीत आहे. कचेरी गावापासून लांब आहे. भुसावळला गाडी बदलून यावं, स्टेशनवरून थेट कचेरीत, काम झालं की थेट परत स्टेशनवर. चारची गाडी मिळते. मी चौकशी केली आहे.

अजून एक. हे लिहावं की नाही, यावर मी फार विचार केला. मोठ्या आईच्या माहेरी लग्न झालं, त्यातला तुमचा फोटो कोणीतरी नलू आत्याला मोबाइलवर दाखवला. तिने सांगितलं की तुमचे केस काळेभोर आहेत. आपल्याकडे कोणाचेही केस पन्नाशीनंतर काळे राहिलेले नाहीत. तर कृपा करून सुनावणीपर्यंत रंग लावू नका. दाढीही थोडी वाढू द्या. साहेबांसमोर तुम्ही जितके म्हातारे दिसाल तितकं आजीच्या फायद्याचं आहे. राग मानू नये.

तुमचा,
प्रफुल


भिवाखेडी
४ सप्टेंबर २०२५

आदरणीय मोठे बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. त्यावर ‘येतो’ एवढंच आहे. मला आनंद झाला, पण तारीख नाही म्हणून थोडी काळजी वाटते. १२ तारीखच समजतो. तुमच्याकडच्या कॅलेंडरमध्येही शुक्रवारच असेल, तरी एकदा पाहून घ्या.

मूळ दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, पाऊस अजून आहे. आधार कार्ड विसरू नका. कचेरीबाहेरचा चहा चालतो, वडे घेऊ नका.

आजीला मी सांगितलं. मला वाटलं रागावेल. ती तांदूळ निवडत राहिली. थोड्या वेळाने विचारलं, “जेवून येते का बिनजेवणाचा?” मी म्हटलं, माहीत नाही. मग विचारलं, “वापस कवा जाते?” मी म्हटलं, चारच्या गाडीने. “चारच्या,” ती म्हणाली. “बरं.”

दुसऱ्या दिवशी तिने हिरवं लुगडं इस्त्रीला दिलं. कचेरीत जायला याआधी तिने कधी इस्त्री केलेली नाही.

बाबांना अजून सांगायचं आहे. तुम्ही परत गेल्यावर सांगेन.

तुमचा,
प्रफुल

ता. क. केसांचं लक्षात असेलच.


भिवाखेडी
२१ सप्टेंबर २०२५

आदरणीय मोठे बाबा,

तुम्ही गुरुवारी गेलात, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. काल एका घागरीवर ‘चि. सौ. कां.’ कोरताना माझा हात थांबला आणि शेठ म्हणाले, “काय रे, नाव कोरून राह्यला का देवाले विचारून राह्यला?” मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

साहेबांनी सोमवारी बोलावलंच नव्हतं.

शुक्रवारी साहेबांनी तुमच्या आधारची झेरॉक्स मागितली आणि तुम्ही खाली गेलात. तुम्ही दाराबाहेर पडलात, तसं साहेबांनी आजीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग दाखल्याकडे. म्हणाले, “आजी, नाक तर तुमचंच आहे. आणि डोकं माझ्या वडिलांसारखं पांढरं. यांची आई त्रेसष्टची असेल तर मी अजून पाळण्यात असलो पाहिजे.” आणि सही केली. नीलेशबाबूंना म्हणाले, वय दुरुस्तीचं पत्र द्या, पेन्शन सुरू करा, झेरॉक्स आली की लावून घ्या. एवढंच. माझ्याजवळ तीन पिशव्यांत कागद होते, त्यांतला एकही त्यांनी पाहिला नाही.

मी तुम्हाला सांगायला पळणार, तर आजीने जिन्यात माझा शर्ट धरला.

“कुठं चालला?”

“मोठ्या बाबांना सांगतो, झालं म्हणून.”

“झालं म्हटलं तं तो चारची गाडी पकडते.”

मी घड्याळात पाहिलं.

“त्याले सांग, सायबानं सोमवारी बोलावलं.”

“आजी, हे खोटं आहे.”

“या कचेरीनं मले कितीक बार उद्या या, परवा या म्हटलं. एक बार मी म्हटलं तं काय बिघडते?”

तुम्ही झेरॉक्स घेऊन वर आलात आणि मी तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, “असेच असते हे लोकं.” तेवढ्यात आजी तुमची थैली उचलून गावाच्या बसमध्ये जाऊन बसली होती.

घरासमोर येऊन तुम्ही उभे राहिलात. पायरीचं माझ्याच लक्षात नव्हतं. सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा तो उंच झाला आणि पायरी त्याच्याखाली गेली. आता ओसरी आणि रस्ता एका पातळीत आहेत. आजी आतूनच ओरडली, “पायरीच नाई राह्यली, बाप्पा. ये.” तुम्ही खाली पाहिलंत, चप्पल काढलीत आणि आत आलात.

बाबांनी तुम्हाला ओसरीवर पाहिलं आणि सायकल तशीच मागे वळवली. मला वाटलं, संपलं. पण ते आलुबोंडे घेऊन आले. “तुह्यासाठी नाई, पोट्ट्यासाठी आणले,” म्हणाले आणि पुडा तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही त्यांतले चार खाल्लेत. मला एकही मिळाला नाही, पण ते जाऊ द्या.

मंगळवारी आबाजींचं पितृपक्षातलं श्राद्ध होतं. आजीने तुम्हाला ते आधी सांगितलं नव्हतं, पण तुम्हाला तिथी माहीत असावी, कारण त्या दिवशी सकाळी तुम्ही न सांगता आंघोळ करून धोतर मागितलंत. आबाजी गेले तेव्हा लॉकडाउन होतं, म्हणून मोठा येऊ शकला नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो आहोत. ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. तुम्ही फोटोसमोर ताट ठेवलंत, कढीची वाटी जवळ सरकवलीत आणि म्हणालात, “खाय, बाबा. आन् आता तरी रिटायर होय.”

बाबांनी मान खाली घातली. मग आजी हसली. एवढी हसली की तिला ठसका लागला आणि नलू आत्याने तिच्या पाठीवर थापा मारल्या. मग बाबा हसले, तुम्ही हसलात, आणि त्यानंतर तुम्ही दोघे भाऊ मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ हात धूत होतात. हात धुवायला एवढा वेळ लागत नाही, हे मला कळतं.

आता माझी अडचण. सोमवारी आजीने पाय दुखतात म्हणून तुम्हाला एकट्यालाच कचेरीत पाठवलं. मी भीतीने दुकानातच बसलो. मला वाटलं आता आमचं खोटं उघडं पडणार. पण संध्याकाळी तुम्ही येऊन सांगितलंत की साहेबांनी गुरुवारी पुन्हा बोलावलं आहे. आजी म्हणाली, “या ऑफिसवाल्याइचं असंच असते,” आणि कणकेत आणखी दोन मुठी पीठ टाकलं.

काम शुक्रवारीच झालं होतं. मग साहेबांनी गुरुवारी का बोलावलं? पुन्हा काही चूक निघाली का? गुरुवारी तुम्ही कचेरीत जातो म्हणून गेलात आणि तिथूनच गाडीला, त्यामुळे विचारता आलं नाही. आजी म्हणते, “तू झोप.” कृपा करून कळवा. आणि सोमवारच्या खोट्याबद्दल मला माफ करा. आजी माफी मागणार नाही.

तुमचा,
प्रफुल


भिवाखेडी
१० ऑक्टोबर २०२५

आदरणीय मोठे बाबा,

तुमचं पत्र मिळालं. पहिल्यांदाच पानभर. तुमच्या कामावरच्या लूमचा पट्टा तुटला ते, मोठ्या आईने मेथीचे लाडू केले ते, पावसाचं, सगळं लिहिलंत. मी विचारलेल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही.

म्हणून मी स्वतः कचेरीत गेलो. नीलेशबाबूंना घाबरत विचारलं की गुरुवारी साहेबांनी आमच्या मोठ्या बाबांना कशासाठी बोलावलं होतं. ते डोळे बारीक करून हसायला लागले.

“तुमचे मोठे बाबा सोमवारी आलते ना. मी म्हटलं, तुमचं तं शुक्रवारीच झालं, काऊन आले? ते इथं बाकावर बसले आन् हासत राह्यले. मंग मले म्हणे, ‘बाबू, घरून कोणी विचाराले आलं तं सांगा, गुरुवारी बोलावलं.’ मी म्हटलं, गुरुवारी काय हाय? ते म्हणे, ‘काईच नाई. त्याच्या आधी मंगळवार हाय.’”

मी त्यांच्या टेबलापुढेच उभा होतो. शेवटी ते म्हणाले, “अजून काही काम हाय का?” मी म्हटलं, नाही.

घरी येऊन आजीला सांगितलं. मला वाटलं तिला नवल वाटेल. ती म्हणाली, “मले सोमवारीच समजलं. त्याले लहानपणापासून खोटं बोलता येत नाई. कान लाल होते त्याचे.” मी विचारलं, मग बोलली का नाहीस? “काऊन बोलू? तो राहून राह्यला होता ना?”

पेन्शन आली. मागची अडलेलीही आली. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाली, एकटी गेली. बँकेच्या खिडकीतल्या मुलाला म्हणाली, “आता म्हण, नाई आली.” येताना औषधाच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने गोळ्यांची पाकिटं आणली आणि मला दाखवून एक अख्खी गिळली. आज भजनात चहा तिच्याकडून आहे. त्यात आलं घालायचं की वेलची, यावरून सकाळपासून आईचं आणि तिचं चाललं आहे.

आधार दुरुस्त होऊन आलं. आजी आता बावन्न सालची आहे. आबाजी चोपन्नचेच राहिले, त्यांचं आता कोणी बदलणार नाही. म्हणजे शेवटी ती नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी झालीच. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आता मी मोठी. जरा हळू बोलाचं.” ते एरवीही काही बोलत नाहीत.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे, ‘सायबानं पुन्हा बोलावलं का?’

ही ओळ मी आजीला वाचून दाखवली. ती वाती वळत होती. तिने वर पाहिलंही नाही.

“लिही, बोलावलं हाय.”

“कधी?”

“लक्ष्मीपूजनाच्या दिवशी.”

त्या दिवशी कचेरी बंद असते. हे मला माहीत आहे, आजीला माहीत आहे, आणि तुम्हालाही असेल. मी पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, “लिही ना बे.” मी लिहितो.

साहेबांनी तुम्हाला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी समक्ष बोलावलं आहे. मोठ्या आईला सोबत आणणं आवश्यक आहे, त्याशिवाय प्रकरण पुढे जाणार नाही. काम किती दिवस चालेल ते सांगता येत नाही, तरी त्या हिशेबाने कपडे आणावेत. केस रंगवले तरी चालतील.

तुमचा,
प्रफुल